आवाजाचा हिशेब कोण मांडतो?

रेल्वेच्या रुळांना लागून ज्यांचे पोट आहे अशा आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांची संख्या थोडी नाही. कुर्ला घ्या, मुंब्रा घ्या, नाही तर कल्याणकडची एखादी वस्ती घ्या. रुळांच्या भिंतीपलीकडे कुठे बेकरी आहे, कुठे लेथवर काम चालते, कुठे शिलाईची यंत्रे फिरतात, कुठे जरीचा अड्डा मांडलेला असतो. गाडी आली की दुकानदार वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि गाडी गेली की तिथूनच पुढे बोलू लागतो. नवे गिऱ्हाईक गोंधळते. मालकाला मात्र आपण थांबलो होतो याचा पत्ताही नसतो.

पण सवय झाली म्हणजे त्रास संपला असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रेल्वेचा रात्रीचा सरासरी आवाज ४४ डेसिबलच्या खाली ठेवावा, कारण त्यापुढे झोपेवर वाईट परिणाम होतो, असे त्यात म्हटले आहे. ज्याची झोप रात्री चार वेळा मोडली, त्याचा हात दुसऱ्या दिवशी सुईवर किंवा यंत्रावर कसा चालतो, हे कारखानदारांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, हा विषय हिशेबाचाच आहे. कुणीतरी आपल्या गल्लीच्या आवाजाचा हिशेब मांडतो, त्यावर भिंत बांधायची की नाही ते ठरते, आणि आपण ती वही कधी उघडून पाहत नाही.

एक कागद आणि एक प्रश्न

काही महिन्यांपूर्वी ठाणे जिल्ह्यातील एका गल्लीतले चार-पाच दुकानदार एक कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या भागातून जाणाऱ्या नियोजित मार्गिकेच्या अहवालातले ते एक पान होते. गल्लीसमोर रात्रीचा आवाज ५१ डेसिबल राहील, व्यापारी क्षेत्राची रात्रीची मर्यादा ५५ आहे, सबब ध्वनिरोधक भिंतीची आवश्यकता नाही, असे त्यात लिहिले होते. त्यांच्यातले सर्वांत वडीलधारे, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणते, त्यांनी एकच प्रश्न केला. "गाडी अजून धावलीच नाही, तर हे ५१ मोजले कुणी?"

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. ते ५१ कुणीही मोजलेले नाहीत. ते संगणकाने काढलेले आहेत. भविष्यातला आवाज मोजता येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि त्यासाठी खास सॉफ्टवेअर असते. साउंडप्लॅन, कॅडना-ए, इम्मी ही त्यातली काही नावे. त्यांच्या आत गणिताची पद्धत निवडावी लागते. जर्मनीची 'शाल ०३' आहे, ब्रिटनची १९९५ सालची 'कॅल्क्युलेशन ऑफ रेल्वे नॉइज' आहे, आणि युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशाने आपल्या सर्व देशांसाठी आखून दिलेली 'क्नोसोस' आहे. या पद्धतींमागे अनेक वर्षांची मोजमापे आहेत, आणि त्यांच्या गणिताबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. तराजू कितीही उत्तम कंपनीचा असला, तरी पारड्यात वजने माणूसच टाकतो. सॉफ्टवेअर चालवणारा माणूस त्याच्या चौकटींमध्ये काय भरतो, यावर शेवटचा आकडा ठरतो. गाड्या किती, डबे किती, वेग किती, रूळ कोणत्या जातीचे, मध्ये जमीन कशी, घरे किती उंच, आणि तिथे राहते कोण? अहवालात शेवटचा आकडा ठळक छापलेला असतो. चौकटींमध्ये काय भरले तो तक्ता कधी परिशिष्टात असतो, तर कधी नसतोच. चाचांच्या कागदात तो नव्हता.

साठ आणि साठ मिळून त्रेसष्ट

पुढे जाण्यापूर्वी डेसिबलचा हिशेब समजून घेऊ, कारण तो रुपयासारखा चालत नाही. ६० डेसिबलचा एक आवाज आणि तेवढाच दुसरा आवाज एकत्र आले तर १२० होत नाहीत, ६३ होतात. म्हणजे गाड्या दुप्पट झाल्या तर सरासरी आवाज ३ डेसिबलने वाढतो. रुळांपासूनचे अंतर दुप्पट झाले तर साधारण तितकाच कमी होतो. ध्वनीची ऊर्जा दहापट झाली की १० डेसिबल वाढतात, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो.

म्हणून "तीन-चार डेसिबल इकडेतिकडे, त्यात काय मोठेसे?" असे कुणी म्हणाले तर मान डोलावू नका. तीन डेसिबल म्हणजे गाड्यांची अख्खी दुसरी फळी. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्या पट्ट्यातल्या लोकांना वाढीव मार्गिका म्हणजे काय हे कळले. गाड्या वाढतात आणि रूळ घराच्या आणखी जवळ येतात. हिशेबात या दोन्ही गोष्टी स्वतंत्र धरायच्या असतात.

गाड्या की डबे?

आमच्या ओळखीचा एक तरुण अभियंता आहे. त्याला आम्ही त्या दुकानदारांसमोर बसवले. त्याने आपला संगणक उघडला आणि आमच्यासाठी एक काल्पनिक उदाहरण मांडले. बारा डब्यांच्या गाड्या, रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत एकूण ९६, म्हणजे तासाला सरासरी १२ गाड्या, आणि समोर रुळांपासून थोड्या अंतरावर एक इमारत. उत्तर आले ६२ डेसिबल.

"आता चाचा, हे पाहा," असे म्हणून त्याने एकच चौकट बदलली. क्नोसोस पद्धतीत वाहतूक लिहिताना तासाला किती गाड्या हे लिहायचे नसते. तासाला किती वाहने, म्हणजे किती डबे, हे लिहायचे असते. बारा गाड्या गुणिले बारा डबे, म्हणजे १४४. त्याने मुद्दाम १४४ च्या जागी १२ टाकले. संगणकाने कोणतीही तक्रार न करता नवे उत्तर दिले: ५१ डेसिबल.

"म्हणजे बेटा, आमच्या कागदातही हेच झाले?" चाचांनी विचारले. तो म्हणाला, "तसे मी म्हणणार नाही, चाचा. तक्ता पाहिल्याशिवाय कुणावर आरोप करणे बरे नाही. पण तक्ता नसेल तर तसे झाले नाही, हेही कुणी सांगू शकत नाही." आम्हाला हे उत्तर प्रामाणिक वाटले. या लेखाचे सारे म्हणणे त्यातच आहे.

अकरा डेसिबलचा फरक एका चौकटीत. आणि त्या फरकाने निकाल पार उलटतो. ५५ च्या मर्यादेशी ५१ ताडून पाहिले तर भिंत नको. ६२ ताडून पाहिले तर मर्यादा सात डेसिबलने ओलांडली. यात कुणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. संध्याकाळी सहाला अहवाल द्यायचा आहे, पाचला कुणीतरी आकडे भरतो आहे, एवढेही पुरते. दुकानाच्या वहीत एक शून्य राहून गेले की काय होते, हे आपण सारे जाणतो.

वेग, रूळ आणि जोड

वेगाच्या चौकटीतही असेच होते. त्या मार्गावर कायद्याने कमाल वेग किती, तो पुष्कळदा तसाच भरला जातो. ब्रिटनच्या पद्धतीत चाकांच्या आवाजासाठी जे सूत्र आहे, त्याप्रमाणे वेग ४० वरून ८० किलोमीटर झाला की सरासरी आवाज ६ डेसिबलने वाढतो. स्टेशनाजवळच्या गल्लीसमोर गाडी ४० ने जात असेल आणि हिशेबात ८० धरले असतील, तर उत्तर फुगवलेले येईल. वाचक म्हणतील, मग बरेच की, भिंत मिळेल! आम्ही असे म्हणणार नाही. फुगवलेल्या आकड्यावर उभी राहिलेली उंच भिंत दुकानाचा उजेड आणि वारा अडवते, येण्याजाण्याची वाट बंद करते, आणि जिथे खरी गरज आहे तिथले पैसे खाते. कमी मापणारा तराजू वाईट, तसाच जास्त मापणाराही वाईट.

त्यानंतर रुळांची जात. खडीवरचा जोडरहित लांब रूळ हा ब्रिटनच्या पद्धतीत पाया धरला आहे. जोड असलेले रूळ किंवा सांधे असतील तर अडीच डेसिबल मिळवायचे. खडीऐवजी काँक्रीटच्या लादीवर रूळ असतील तर २, काँक्रीटच्या पुलावर १, पोलादी पुलावर ४, आणि पोलादी पेटीच्या पुलावर रूळ थेट बसवलेले असतील तर ९. आपल्याकडे मोठ्या स्टेशनांच्या दोन्ही अंगांना सांध्यांचे जाळे असते. चाक त्यावरून जाताना जो खडखडाट होतो तो शेजारच्या लेथवाल्याला तोंडपाठ असतो. ती चौकट कोरी ठेवली तर संगणकाच्या दृष्टीने तिथे गुळगुळीत सरळ रूळ आहेत.

रुळांच्या आणि चाकांच्या खडबडीतपणाचीही एक चौकट असते. त्यात उत्तम निगा राखलेल्या रुळांचा पर्याय असतो आणि युरोपातल्या सरासरी रुळांचा पर्याय असतो. आमच्या लोकलचा, आमच्या मालगाडीचा पर्याय त्या यादीत आयता नसतो. जवळात जवळचा पर्याय निवडावा लागतो आणि मग प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी लागते. त्याची रीतही ठरलेली आहे. आयएसओ ३०९५ या मानकात रुळांच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, रुळाच्या माथ्यापासून १.२ मीटर उंचीवर यंत्र ठेवून धावत्या गाडीचा आवाज मोजण्याची पद्धत दिली आहे. काही गाड्या मोजा, संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहा, फरक पडत असेल तर दुरुस्त करा. सोनार कसोटी लावल्याशिवाय सोने घेत नाही. इथेही कसोटी आहे, पण ती लावली का, हे विचारणारा कुणी नसतो.

आणि भोंगा? क्नोसोसच्या सूत्रात चाकांचा आवाज आहे, जोडांचा आहे, वळणावरच्या किंचाळीचा आहे, इंजिनाचा आहे, वाऱ्याचा आहे, पुलाचा आहे. भोंग्याचा नाही. युरोपात त्यावाचून चालत असेल. आपल्याकडे रुळांवरून माणसे ओलांडतात, म्हणून मोटरमनला भोंगा वाजवावाच लागतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. अमेरिकेत २००५ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे इंजिनाचा भोंगा शंभर फुटांवर ९६ ते ११० डेसिबल असावा लागतो. एवढ्या आवाजाची वस्तू हिशेबाबाहेर राहिली, तर तो हिशेब आपल्या गल्लीचा म्हणता येणार नाही. भोंगा स्वतंत्र ध्वनिस्रोत म्हणून त्याच सॉफ्टवेअरमध्ये मांडता येतो. फक्त कुणीतरी तो मांडायला हवा.

भिंत कुणाला वाचवते?

भिंतीचे काम दृष्टी अडवण्यासारखे आहे. आवाज जिथून निघतो ती जागा तुमच्या खिडकीतून दिसत असेल, तर भिंतीचा उपयोग थोडा. म्हणून आवाज किती उंचीवरून निघतो असे धरले आहे, याला फार महत्त्व. क्नोसोसमध्ये दोन उंची आहेत: रुळाच्या माथ्यापासून अर्धा मीटर आणि चार मीटर. चाकांचा आवाज खाली, इंजिनाच्या वरच्या भागाचा आणि वेगवान गाडीच्या वाऱ्याचा काही आवाज वर. सगळाच आवाज खाली अर्ध्या मीटरवर टाकून दिला, तर कागदावर दोन मीटरची भिंत चमत्कार करते. प्रत्यक्षात वरचा आवाज तिच्यावरून निघून जातो.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या गुजरातमधल्या उन्नत मार्गावर रुळाच्या पातळीपासून दोन मीटर उंचीच्या काँक्रीटच्या ध्वनिरोधक भिंती बसवल्या आहेत, आणि वस्तीच्या जागी त्या तीन मीटर करून वरच्या भागात उजेड येईल असे पारभासक तावदान देण्याची योजना आहे. हाच मार्ग महाराष्ट्रात वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटर बोगद्यातून येतो आणि मग जमिनीवर निघतो. शिळफाटा म्हणजे मुंब्र्याचा शेजार. तिथल्या बांधवांनी भिंतीची उंची ऐकून समाधान मानू नये. कोणत्या मजल्यासाठी, कोणत्या वेगाला, आवाज कोणत्या उंचीवर धरून हिशेब झाला, हे विचारून घ्यावे. तळमजल्याच्या दुकानाला मिळणारा दिलासा आणि चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला मिळणारा दिलासा एकच नसतो.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. जमिनीची चौकट. मऊ माती आणि गवत आवाज पिते, त्याला सॉफ्टवेअरमध्ये १ लिहितात. काँक्रीट आणि डांबर आवाज परत फेकते, त्याला ० लिहितात. आपल्या वस्त्यांत गवत कुठे आहे? तरीही कुणी अर्धे-अर्धे धरून ०.५ लिहिले, तर उत्तर आपोआप थोडे खाली येते. तीच गोष्ट अरुंद गल्लीची. दोन भिंतींमध्ये आवाज आपटत आत शिरतो. संगणकाला एकदाच आपटायला सांगितले, तर तो एकदाच मोजतो.

रात्री इथे कुणी झोपते का?

आता सर्वांत महत्त्वाची चौकट, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत चार प्रकारची क्षेत्रे आहेत. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मिश्र वस्ती असेल तर तिला या चारांपैकी कशात धरायचे, हे सक्षम अधिकाऱ्याने ठरवायचे असते.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक इमारतीला एक ओळख द्यावी लागते: दुकान, कारखाना, शाळा, घर. ज्या जागी लोक राहतात असे लिहिले, तिथे रात्रीचा आवाज ताडून पाहण्याचा बिंदू ठेवतात. जिथे 'दुकान' लिहिले, तिथे रात्रीचा प्रश्नच कुणी विचारत नाही, किंवा विचारला तर मर्यादा दहा डेसिबलने सैल होते.

आमच्या गल्ल्यांचे खरे चित्र काय आहे? खाली दुकान आणि वर पोटमाळ्यावर बिऱ्हाड. जरीच्या कारखान्यात दिवसा ज्या अड्ड्यावर काम, रात्री त्याच्याच बाजूला चटई टाकून आठ कारागीर झोपलेले. बेकरीत तर रात्रीच भट्टी पेटते आणि दिवसा माणसे झोपतात. गावाहून आलेली ही मुले कुणाच्याच यादीत निवासी नाहीत. पाहणी करणारा माणूस दुपारी येतो, शटर उघडे पाहतो, पाटी वाचतो, 'व्यापारी' अशी खूण करून पुढे जातो. त्या एका शब्दाने ही सारी माणसे संगणकाच्या हिशेबातून वजा होतात. पत्र्याच्या झोपड्या तर पुष्कळदा नकाशावर नसतातच. ज्याचे घर नकाशावर नाही, त्याच्यासाठी भिंतीची मागणी कोणता संगणक करील?

चाचांच्या गल्लीत असेच आहे. त्या अभियंत्याच्या उदाहरणातले ६२ व्यापारी मर्यादेपेक्षा सात जास्त आहेत, पण निवासी मर्यादेपेक्षा सतरा जास्त आहेत. हे ऐकल्यावर चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही तर त्या दिवशी पाहणीवाल्याला स्वतःच सांगितले, की ही सगळी दुकाने आहेत. म्हटले, घरे सांगितली तर उद्या दुसरीच भानगड व्हायची."

ही भीती आम्ही समजू शकतो. कागदपत्रे अपुरी असली की माणूस अधिकाऱ्यासमोर कमीत कमी बोलतो. पण त्याची किंमत कोण चुकवतो, हेही पाहिले पाहिजे. ती मालक चुकवत नाही, तो संध्याकाळी घरी जातो. ती माळ्यावर झोपणारा कारागीर चुकवतो. ज्यांच्या हातांवर आपला धंदा उभा आहे, त्यांची झोप लपवून ठेवून मिळवलेली सुरक्षितता आम्हाला पटत नाही. कारखानदार बांधवांना आमचे सांगणे आहे की, पाहणीच्या वेळी रात्री किती माणसे झोपतात हा आकडा खरा सांगा. एकट्याने सांगायला संकोच वाटत असेल तर संघटनेमार्फत गल्लीचा एकत्र आकडा द्या.

पाच डेसिबलची वजावट

हा सगळा तांत्रिक कीस आहे, असे कुणाला वाटेल. त्यांच्यासाठी जर्मनीचे उदाहरण. तिथे रेल्वेचा आवाज रस्त्याच्या आवाजापेक्षा कमी त्रासदायक असतो असे मानून हिशेबातून सरळ ५ डेसिबल वजा करण्याची सोय होती. लोक तिला रेल्वेची सवलत म्हणत. वर्षानुवर्षे रुळांकाठच्या रहिवाशांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्याने सुरू होणाऱ्या रेल्वे प्रकल्पांसाठी ती वजावट बंद झाली. गाडी तीच, रूळ तेच, घर तेच. पण हिशेबातली एक ओळ खोडली गेली आणि ज्या घरांना पूर्वी काही मिळाले नसते, ती घरे संरक्षणाच्या यादीत येऊ लागली. त्या लोकांनी गाड्या थांबवल्या नाहीत. त्यांनी हिशेबाची रीत वाचली आणि चुकीच्या ओळीवर बोट ठेवले.

आम्हालाही रेल्वे नको आहे असे मुळीच नाही. आपला माल रेल्वेने येतो, गिऱ्हाईक रेल्वेने येते, कारागीर रेल्वेने गावी जातो. जितकी रेल्वे वाढेल तितका धंदा वाढेल. पण त्या वाढीचा आवाजाचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, तो हिशेब उघडा असावा.

काय करावे?

आपल्याकडे रेल्वेमार्ग हे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतल्या पूर्वपरवानगीच्या यादीत नाहीत. त्यामुळे असे अहवाल पुष्कळदा कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अटींमुळे तयार होतात. त्याच अटींमध्ये स्थानिक लोकांशी सल्लामसलत करण्याचीही अट असते. ती सभा जाहीर होते तेव्हा आपण दुकानावर बसलेलो असतो. किमान गल्लीतून दोघांनी तिथे गेले पाहिजे, आणि घोषणा देण्याऐवजी हे पाच प्रश्न लिहून दिले पाहिजेत.

पहिला: हिशेब कोणत्या पद्धतीने केला, आणि त्यात दिवसाच्या व रात्रीच्या गाड्या किती, प्रत्येकीचे डबे किती धरले? मालगाड्या वेगळ्या धरल्या का?

दुसरा: आमच्या गल्लीसमोर वेग किती धरला, आणि जोड, सांधे, पूल व वळण यांच्या नोंदी केल्या का?

तिसरा: भोंगा हिशेबात आहे का?

चौथा: प्रत्यक्ष धावत्या गाड्यांचा आवाज मोजून संगणकाचे उत्तर ताडून पाहिले का, आणि फरक किती निघाला?

पाचवा: आमच्या गल्लीतल्या कोणत्या इमारतींना 'निवासी' म्हटले आहे आणि कोणत्यांना नाही?

उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. सरकारी यंत्रणेकडे अर्ज करताना "अहवाल द्या" असे मोघम लिहू नका. "आवाजाच्या गणितासाठी सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या माहितीचा तक्ता द्या" असे नेमके लिहा. मोबाइलवरच्या आवाज मोजण्याच्या ॲपवर भिस्त ठेवू नका. ते स्वतःच्या अंदाजासाठी ठीक आहे, पण समोरच्याला मान्य होईल असे मोजमाप प्रमाणित यंत्रानेच होते. एकेका दुकानदाराला त्याचा खर्च जड वाटेल, पन्नास दुकानांच्या संघटनेला वाटणार नाही.

शेवटी एक गोष्ट आमच्या शिकलेल्या मुलांसाठी. घरोघरी स्थापत्य आणि यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पदव्या आहेत आणि मुले नोकरीची वाट पाहत आहेत. मेट्रो, नव्या मार्गिका, महामार्ग, विमानतळ या सगळ्यांना आवाजाचा अंदाज लागतो, आणि तो नीट मांडणारी माणसे फार नाहीत. महागड्या सॉफ्टवेअरवाचून अडत नाही. 'नॉइज मॉडेलिंग' नावाचे फ्रान्समध्ये तयार झालेले सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, आणि त्यात क्नोसोस पद्धतीने रेल्वेचा आवाजही काढता येतो. ज्याने लहानपणापासून रुळांशेजारी झोप घेतली आहे, त्याला त्या चौकटींमध्ये काय भरायचे हे परक्या माणसापेक्षा चांगले कळेल. हा धंदाही आहे आणि उपयोगही.

चाचांच्या गल्लीने तक्त्यासाठी अर्ज केला आहे. सोबत एक यादी जोडली आहे. कोणत्या माळ्यावर रात्री किती माणसे झोपतात, याची. अर्ज लिहायला अर्धा तास लागला, यादी करायला तीन दिवस लागले, कारण आजवर ती कुणी केलीच नव्हती. उत्तर काय येईल ते येईल. पण ही यादी रुळांकाठच्या प्रत्येक गल्लीने आजच करून ठेवावी, पाहणीवाला येण्याची वाट पाहू नये, असे आमचे मत आहे.